कलम सात : पोळीची जाडी

आठवड्याला वीस पोळ्या आणि पाच झोपा, एवढा फायदा चंद्रशेखररावांनी धरला होता. वीस पोळ्या म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज चार, तव्यावरून थेट ताटात. पाच झोपा म्हणजे त्या चार पोळ्या पोटात विसावल्यावर, सोफ्यावर आडवं होऊन, खिडकीबाहेरच्या गोठलेल्या तळ्याकडे पाय करून, एक ते अडीच. शनिवार-रविवार त्यांनी हिशेबात घेतले नव्हते. त्या दिवशी पद्मजाबाई घरी असत. पद्मजाबाई डॉक्टर होत्या आणि दुपारी झोपलेला माणूस दिसला की त्यांचा हात आपोआप त्याच्या नाडीकडे जाई.

खर्चाच्या बाजूला एकच आकडा होता : तासाला वीस डॉलर, रोज दोन तास. त्याखाली पान कोरं होतं. मिनेसोटाच्या जानेवारीत खिडकीबाहेर सगळंच कोरं दिसतं, त्यामुळे वहीतलं कोरं पान माणसाला खटकत नाही.

चंद्रशेखरराव ईडन प्रेरीत चौतीस वर्षं एका कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या खात्यात होते. माणसाच्या हृदयात सरकवायच्या नळ्यांची जाडी मोजायची, हे त्यांचं काम. नळी केसाच्या दहाव्या हिश्श्याने जाड निघाली तरी ते अख्खा लॉट परत पाठवत आणि घरी येऊन शांतपणे जेवत. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही आणि जेवणावर लक्ष गेलं. पद्मजाबाई सकाळी सातला दवाखान्यात जात. दुपारी चंद्रशेखरराव आणि दुकानातली गोठवलेली पोळी, अशी दोघंच घरात. पोळीच्या पाकिटावर एक हसरी बाई होती. तिने आतली पोळी खाल्लेली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून उघड होतं.

अशात मराठी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात त्यांना शोभनाताई भेटल्या. नागपूरच्या, चौसष्ट वर्षांच्या, लेकीकडे राहणाऱ्या. त्या दिवशीच्या दोनशे पोळ्या त्यांनी केल्या होत्या. चंद्रशेखररावांनी एक पोळी उजेडासमोर धरली आणि तिचे तीन पदर मोजले. पलीकडची झुंबरं त्यातून अंधूक दिसत होती. तिथेच उभ्याउभ्या त्यांना मिरजेचं घर दिसलं, स्वयंपाकघरातला धूर दिसला, तुपाचा वास आला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "काका, लाइन पुढे न्या ना."

पहिला आठवडा स्वप्नातच गेला. शोभनाताई साडेअकराला येत. पहिल्या दिवशी चंद्रशेखरराव म्हणाले, "अजून थोडी पातळ लाटाल?" त्यांनी लाटली. जुन्या सवयीने त्यांनी कपाटातला मायक्रोमीटर काढून पोळी मोजली. एक पूर्णांक दोन मिलिमीटर! त्यांचे डोळे भरून आले. साडेबाराला ताट, एकला सोफा. खिडकीतून येणारं बर्फाचं पांढरं ऊन त्यांच्या पोटावर मांजरासारखं बसे आणि अडीचला उठून जाई.

शुक्रवारी त्यांनी शोभनाताईंच्या हातावर पाकीट ठेवलं. त्यांनी ते तिथेच उघडून मोजलं.

"भाऊ, हे दोनशे एक आहेत."

"वरचा एक शकुनाचा."

"म्हणजे मी तुमच्याकडे पोळ्या करून राहिले, की मुंजीला येऊन राहिले?" त्यांनी डॉलरची नोट टेबलावर परत ठेवली. "हा नको. मला स्लिप पाहिजे. कर कापून."

आपला कर कापू नये म्हणून धडपडणारी माणसं चंद्रशेखररावांनी आयुष्यभर पाहिली होती. कापा म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं.

"अहो ताई, आपल्यात कसली स्लिप? तुम्ही घरच्यासारख्या."

"घरच्यासारखी आहे ते राहू द्या." शोभनाताई खुर्ची ओढून बसल्या. "हे बघा. ह्या देशात म्हातारपणी पेन्शन आणि दवाखाना आपल्या स्वतःच्या नावावर पाहिजे असेल, तर कामाचे चाळीस क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार. मी शाळेच्या किचनमध्ये नऊ वर्षं काढली. छत्तीस झाले आणि शाळेनं किचनच बंद केलं. पुढच्या वर्षी मी पासष्टची होते. चार पाहिजेत मला. फक्त चार. पण पाकिटातले पैसे सरकारला दिसत नाहीत न, भाऊ."

"पण शिवांगी आहे की तुमची. जावई इतका चांगला..."

"जावई चांगलाच आहे, म्हणून तर. चांगल्या माणसापुढे एकदाच हात पसरता येतो. मला पुढची वीस वर्षं काढायची आहेत."

"बघतो," चंद्रशेखरराव म्हणाले. पुरुषमाणूस हा शब्द वापरतो तेव्हा तो शक्यतो दुसरीकडे बघत असतो. ते तळ्याकडे बघत होते.

संध्याकाळी त्यांनी अनन्याला फोन लावला. अनन्या त्यांची मुलगी. ती शिकागोत एका कंपनीच्या एचआरमध्ये होती, म्हणजे माणसांना कामावर घेणं आणि काढणं ह्या दोन्हींचे फॉर्म तिला पाठ होते.

"बाबा, काँग्रॅट्स! यू आर ॲन एम्प्लॉयर."

"मी रिटायर झालोय."

"डझन्ट मॅटर. तुम्हाला एम्प्लॉयर नंबर घ्यावा लागेल. पहिल्या दिवशीच त्यांना लेखी नोटीस द्यायला हवी होती, रेट काय, पे डे कधी. तिच्यावर त्यांची सही. सोशल सिक्युरिटीचा कर अर्धा तुम्ही भरायचा, अर्धा त्यांच्या पगारातून कापायचा. इन्शुरन्स. आणि सिक टाइम, दर तीस तासांना एक तास."

"घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना सिक टाइम?"

"बाबा, आजारपणाला माहीत नसतं ना माणूस कुठे काम करतो ते. आणि पुढच्या जानेवारीपासून तुमच्या स्टेटमध्ये पेड लीव्ह पण येतेय. त्याचा प्रीमियम वेगळा."

"म्हणजे दर जानेवारीला नवा कायदा?"

"तुम्ही लोक दर दिवाळीला नवं कॅलेंडर घेता तसंच."

"अगं, पण मी त्यांना ताई म्हणतो."

"दॅट्स नॉट अ टॅक्स कॅटेगरी, बाबा."

त्या फोननंतर दुपारची झोप बिघडली. चंद्रशेखररावांनी जन्मभर नोकरी केली होती. मालक ह्या जमातीबद्दल त्यांची मतं पक्की होती, आणि ती त्यांनी दर वर्षी बोनस जाहीर झाल्यावर पद्मजाबाईंना ऐकवली होती. आता डोळा लागला की त्यांना स्वप्न पडे : गोठलेल्या तळ्यावर एक प्रचंड गिरणी उभी आहे, भोंगा वाजतो आहे, आणि दारात पोट पुढे काढून, साखळीचं घड्याळ बघत, ते स्वतः उभे आहेत. मग बर्फावरून एक सरकारी अधिकारी सावकाश घसरत येई आणि टोपी काढून विचारी, "नोटीस कुठे आहे?" जागं झाल्यावरही भोंगा वाजतच असे. ते शेजारच्या सुमंतचं बर्फ उडवायचं यंत्र असे.

सुमंत पुण्याचा, आयटीतला, चाळिशीतला. त्याच्या यंत्राचा पट्टा जेवढा रुंद होता तेवढाच त्याचा सल्ला. एकदा सुरू झाला की दोन घरांपुढचं सगळं उडवून टाकी.

"काका, सिंपल आहे यार. एम्प्लॉयी करायचंच नाही. कंत्राटदार करा. वर्षाच्या शेवटी एक फॉर्म दिला की संपलं. माझी कंपनी सहा वर्षं माझ्याशी तेच करत होती."

"मग त्यांचे क्रेडिट?"

"मिळतात ना. दोन्ही बाजूंचा कर त्यांनी स्वतः भरायचा फक्त. पण काका, एक आहे. कंत्राटदार म्हणजे बॉस तो स्वतः. वेळ त्याची, हत्यारं त्याची, काम कसं करायचं तेही तोच ठरवणार. तुम्ही 'असं करा, तसं करा' म्हणालात की संपलं. झालात एम्प्लॉयर."

"मी कशाला सांगतोय?" चंद्रशेखरराव म्हणाले. आपण गेल्या तीस वर्षांत एकही दिवस कुणाला काही न सांगता काढलेला नाही, ही गोष्ट त्या क्षणी त्यांच्या लक्षात आली नाही.

करार त्यांनी स्वतः लिहिला. अकरा पानांचा. गुणवत्ता खात्यातल्या माणसाला कागद मोकळा सोडवत नाही. कलम चार : पोळपाट, लाटणं, तवा इत्यादी साधनं कंत्राटदाराने स्वतः आणावीत व परत न्यावीत. कलम सहा : कामाची वेळ कंत्राटदार ठरवेल. कलम सात : पोळी करण्याची पद्धत, आकार व जाडी ह्यांवर ग्राहकाचं कोणतंही नियंत्रण असणार नाही. कलम नऊ : कंत्राटदारास इतर ग्राहक घेण्याची पूर्ण मुभा राहील.

शोभनाताईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि अकरा पानं पन्नास मिनिटं वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा वाचायचा वेळ धरला न तासांत?"

धरावा लागला.

"कर दोन्ही बाजूंचा मीच भरायचा?"

"कंत्राटदारांचं तसंच असतं."

"रजा नाही, विमा नाही?"

"कंत्राटदारांना नसतो तो."

"आणि पोळी किती जाड, ते मी ठरवायचं?"

"अर्थात!" चंद्रशेखरराव उदारपणे म्हणाले.

 शोभनाताईंनी करंडीतलं पेन उचलून अकराही पानांवर सही केली. "बरं," त्या म्हणाल्या. चंद्रशेखररावांना तो 'बरं' फार गोड वाटला. त्यांना ठाऊक नव्हतं, की शोभनाताई नागपूरला एका सहकारी बँकेत अठ्ठावीस वर्षं कारकून होत्या आणि त्यातली पंधरा वर्षं कर्मचारी संघटनेच्या खजिनदार होत्या.

सोमवारी साडेअकराला कुणी आलं नाही. साडेबारा झाले. एक झाला. सवयीने डोळा लागला, पण रिकाम्या पोटी लागलेल्या झोपेत माणूस नुसता तरंगत राहतो. सव्वातीनला दार वाजलं. दारात शोभनाताई. एका हातात पिशवी, दुसऱ्या बगलेत सागवानी पोळपाट.

"कलम सहा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

ताटात आलेली पोळी चंद्रशेखररावांनी उचलली तेव्हा ती वाकली नाही. त्या जेवणघरातून बाहेर गेल्याचं बघून त्यांनी मायक्रोमीटर लावला. तीन पूर्णांक एक.

मंगळवारी त्या सकाळी पावणेनऊला आल्या. बुधवारी दोन वाजता. पोळी तीन पूर्णांक चार. गुरुवारी त्यांनी पोळ्या करून झाल्यावर तवा निववला, फडक्यात गुंडाळला आणि बरोबर घेऊन गेल्या. शुक्रवारी बिल आलं. बिल निर्दोष होतं. चंद्रशेखररावांनी चूक शोधायला ते तीनदा तपासलं आणि प्रत्येक वेळी त्यांचा बिल करणाऱ्याबद्दलचा आदर वाढत गेला, ह्याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

"अहो, सांगून टाक ना त्यांना," रात्री पद्मजाबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याला 'अहो' म्हणत आणि क्रियापद मात्र 'शेखर'साठी राखून ठेवलेलं वापरत. "पातळ करा म्हणावं. तोंड आहे ना?"

"सांगितलं तर मी एम्प्लॉयर होतो!"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी ग्राहक आहे."

"मग ग्राहका, चाव नीट. परवा दाढ ठणकत होती."

चंद्रशेखररावांनी आडवाटेने प्रयत्न करून पाहिले. शोभनाताई लाटत असताना ते ओट्याजवळ उभे राहून तळ्याला उद्देशून म्हणत, "आमच्या मिरजेला पोळी अशी असायची, की खालचं ताट दिसायचं." शोभनाताई म्हणत, "ताट चांगलं असेल तर दाखवावंच माणसानं." एकदा त्यांनी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात '१.२' लिहून फ्रिजवर लावलं. शोभनाताईंनी ते काढलं, घडी केली आणि त्यांच्या हातात दिलं. "हे नियंत्रण आहे न, भाऊ? कलम सात. कुणी बघितलं तर तुम्हाला त्रास."

झोपेतला अधिकारी आता रोज येई. तो तळ्यावर टेबल मांडून बसे, एकेक पोळी मायक्रोमीटरने मोजे आणि विचारी, "हिला कुणी काही सांगितलं?" चंद्रशेखरराव स्वप्नातही म्हणत, "नाही साहेब." "मनात?" असं तो विचारी तेव्हा ते घामाने भिजून उठत.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराला त्यांना खिडकीतून दिसलं, की शोभनाताई पोळपाट घेऊन सुमंतच्या घरात शिरताहेत. दुसऱ्या दिवशी सुमंतने कुंपणावरून स्वतः हाक मारली.

"काका, थँक्स यार! तुमच्यामुळे मिळाल्या. काय पातळ पोळ्या करतात! कागद!"

"पातळ?" चंद्रशेखररावांचा आवाज फुटला. "तुला कशा पातळ मिळतात? तूही कंत्राटदारच केलंस ना त्यांना?"

"मी फक्त पहिल्याच दिवशी विचारलं, पातळ हव्यात की जाड असं ठरवता येईल का. त्या म्हणाल्या, सहीच्या आधी विचारलं की चालतं."

चंद्रशेखररावांनी घरी येऊन अकरा पानं पुन्हा वाचली. सहीच्या आधी आपलं काय काय विचारायचं राहिलं, ह्याची यादी त्यांनी मनातल्या मनात केली. ती पोळीवर सुरू झाली आणि बरीच मागे, लग्नापर्यंत गेली.

शेवटी न राहवून त्यांनी शोभनाताईंना विचारलं, "ताई, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"नाही बाप्पा! राग कशाला?" त्या कणीक मळता मळता म्हणाल्या. "बँकेत आम्ही संप फारसा करत नव्हतो. संपात पगार जातो. आम्ही नियमानुसार काम करायचो. मॅनेजरनं जे जे लिहून दिलं तेवढंच, तसंच, अगदी अक्षराला धरून. चौथ्या दिवशी मॅनेजर स्वतः चहा घेऊन यायचा." त्यांनी कणकेवर हात थोपटला. "तुम्ही चिवट आहात. तीन आठवडे झाले."

एवढं ऐकूनही चंद्रशेखरराव चहा करायला उठले नाहीत. माणसाची प्रतिष्ठा दुखावली, की तो जाड पोळी चावत बसतो पण हलत नाही.

मार्चच्या सुरुवातीला एक दिवस बर्फ वितळलं आणि रात्रीत परत गोठलं. सकाळी रस्त्यावर काचेचा पापुद्रा होता. सगळं जग चकाकत होतं, आणि चंद्रशेखरराव खिडकीत उभे राहून त्या चकाकीत अर्धवट तंद्रीत होते, तेवढ्यात शोभनाताई ड्राइव्हवेवरून येताना दिसल्या. उजव्या हातात तवा, डाव्या बगलेत पोळपाट. दोन्ही हात अडकलेले. पाय सरकला तेव्हा धरायला हात मोकळा नव्हता. त्यांनी पोळपाट सोडला, तेव्हा फार उशीर झाला होता. तो एकटाच घसरत, अगदी डौलात, सुमंतच्या गेटपर्यंत गेला.

पद्मजाबाई दवाखान्यातून धावत आल्या. मनगटाच्या हाडाला चीर होती. सहा आठवडे पट्टा. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर शोभनाताई हात छातीशी धरून बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच त्यांना कलम आठवत नव्हतं.

"ताई, तुम्ही काही काळजी करू नका," चंद्रशेखरराव म्हणाले.  "आराम करा. पैसे मी देत राहीन."

"दया नको, भाऊ." त्या हळू बोलल्या. "हाताचं काही नाही, हात जुळेल. पण शिवांगी आता मला घराबाहेर पडू देणार नाही. म्हणेल, आई, पुरे. आणि मी तिला काय सांगू? नोकरीत असते तर म्हटलं असतं, रजेवर आहे, बरी झाले की जायचं आहे. नोकर पडला तर रजेवर असतो, भाऊ. कंत्राटदार पडला तर नुसता पडलेला असतो." खिडकीकडे पाहत त्या म्हणाल्या, "छत्तीसवर थांबलं माझं."

पद्मजाबाई पट्टा बांधत होत्या. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या बघत नसल्या की चंद्रशेखररावांना फार स्पष्ट दिसे. तवा पुन्हा पुन्हा दारातून येत होता आणि जात होता, रोज, त्यांच्या स्वतःच्या हातच्या कलम चारप्रमाणे. घरात तीन तवे असताना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राज्याच्या कामगार खात्याच्या मदतीच्या फोनवर नंबर लावला. चाळीस मिनिटं बासरीसारखं काहीतरी वाजत राहिलं. त्या सुरावर त्यांचा डोळा लागला, आणि स्वप्नातला अधिकारी तळ्यावर उभा राहून बोलला तेव्हा त्याचा आवाज बाईचा होता. ते दचकले. बाई खरीच फोनवर होती.

त्यांनी सगळं सांगितलं. 

"सर, काम कसं करायचं हे कोण ठरवतं?"

"त्या ठरवतात. पूर्णपणे."

"कधीच तुम्ही काही सांगितलं नाही?"

"पहिल्या आठवड्यात एकदा. करार नव्हता तेव्हा."

"आणि आत्ता ज्या पद्धतीने होतं, त्यावर तुम्ही समाधानी आहात?"

ह्या प्रश्नाची ते पाच आठवडे वाट पाहत होते. चंद्रशेखरराव बोलू लागले. पोळी तीन पूर्णांक चार मिलिमीटर येते. ती किती हवी. तीन पदर म्हणजे काय. तूप केव्हा लावतात. वेळेवर आली तरच झोपेला अर्थ असतो. ते अकरा मिनिटं बोलले. 

"सर," ती बाई शेवटी म्हणाली, "मला वाटतं, तुम्हाला कंत्राटदार नको आहे. तुम्हाला कर्मचारी हवी आहे. तुम्ही लिहिलेल्या कागदावर काय आहे त्याने ठरत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात काय चालतं त्याने ठरतं."

"म्हणजे मी पहिल्या दिवसापासूनच एम्प्लॉयर होतो?"

"असं दिसतंय, सर."

चंद्रशेखररावांना एकदम हलकं वाटलं. एवढे आठवडे ज्याच्यापासून पळत होतो तो आपल्याच सोफ्यावर झोपलेला होता.

अनन्याने फॉर्म पाठवले. एम्प्लॉयर नंबर पंधरा मिनिटांत मिळाला. पंधरा मिनिटं! ह्यापायी त्यांनी पाच आठवडे दाढा झिजवल्या होत्या.

"आणि त्यांच्या मनगटाचं?" त्यांनी विचारलं. "विमा काढला नव्हता."

"विमा काढला नाही म्हणजे विमा तुम्हीच, बाबा. बिल पण तुमचं, पगार पण."

"आणि तो हात बरा होईपर्यंत?"

"डॉक्टर म्हणाले तर हलकं काम देता येतं. बसून."

डॉक्टर घरातच होत्या. त्यांनी हलक्या कामाची चिठ्ठी फार आनंदाने लिहून दिली.

चंद्रशेखरराव शिवांगीच्या घरी नोटीस घेऊन गेले. शोभनाताईंनी ती वाचली, एका ठिकाणी पे डेची तारीख दुरुस्त करायला लावली आणि डाव्या हाताने सही केली. शिवांगी काही बोलायला गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, नोकरीवर आहे मी. हलक्या कामावर."

हलकं काम असं होतं : शोभनाताई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसत, पट्ट्यातला हात उशीवर ठेवत आणि सांगत. लाटत चंद्रशेखरराव.

"कणीक इतकी घट्ट कशाला? भांडण आहे का तिच्याशी?"

"मळून तर झाली, ताई."

"झाली नाही. तुम्ही थकले म्हणून थांबले. मळा. घडी घाला. तेल आतून लावा, वरून नाही. लाटणं दाबू नका, फिरवा. अहो, पोळी आहे, नळी नाही!"

पहिल्या पोळीला त्यांनी मायक्रोमीटर लावला नाही. लावून उपयोग नव्हता, एका कडेला ती कागद होती आणि दुसऱ्या कडेला पाठ्यपुस्तक. पहिल्या दिवशी जेवायला पावणेतीन वाजले. सोफ्यावर पडायचं त्राण उरलं नाही, ते खुर्चीवरच पेंगले, हातावर वाळलेल्या कणकेसकट. सुमंत पोळपाट परत द्यायला आला आणि दारात थबकला.

"काका, वेळ त्यांची, पद्धत त्यांची, पोळपाट त्यांचा. टेक्निकली आता एम्प्लॉयर कोण आहे यार?"

"तू थांब जरा," खुर्चीतून शोभनाताई म्हणाल्या. "तुझ्याकडच्या फॉर्मबद्दलही बोलायचं आहे मला. बस."

सुमंत बसला. तो त्या दिवशी उठला तेव्हा त्याचा चेहरा नंबर मिळवायला निघालेल्या माणसाचा होता.

एप्रिलच्या मध्यावर तळं मोकळं झालं आणि पट्टा निघाला. शोभनाताईंनी मनगट फिरवून पाहिलं आणि लाटणं हातात घेतलं. चंद्रशेखरराव ओट्याशी उभे राहिले. आता त्यांना कायद्याने बोलायचा अधिकार होता. सहा आठवडे खांदे दुखवून मिळवलेला अधिकार. त्यांनी घसा साफ केला.

"ताई, थोडी पातळ लाटा..." आणि मग, कसं कोण जाणे, पुढचं आपोआप आलं, "जमेल तेवढीच. हात दुखला तर थांबा."

"आजारपणाचे चार तास साठले आहेत माझे," शोभनाताई म्हणाल्या. "दुखला तर लावीन." पोळी एक पूर्णांक चार झाली. त्यांनी ती पास केली.

वर्ष तसंच सरलं. दर शुक्रवारी स्लिप, दर तीन आठवड्यांनी आजारपणाचा एक तास. जानेवारीत पेड लीव्हचा नवा प्रीमियम सुरू झाला आणि चंद्रशेखररावांनी तो अनन्याने आठवण करायच्या आत भरला. वर्षाचा पगाराचा फॉर्म त्यांनी शोभनाताईंच्या हातात दिला तेव्हा त्यांना वाटलं, त्या आता डोळे पुसतील. शोभनाताईंनी पिशवीतून वही काढली आणि वर्षभराच्या सगळ्या स्लिपा फॉर्मशी ताडून पाहिल्या.

"ताळा लागत नाही, भाऊ. पहिले सहा आठवडे माझ्या बाजूचं कापलंच नाही."

"तेव्हा कापायचं राहिलं. ते मी भरलं. राहू द्या."

"किती?"

"ताई, वर्ष पूर्ण झालं, चाळीस झाले तुमचे. आता कशाला..."

"किती?"

त्यांनी सांगितलं. शोभनाताईंनी पर्स उघडली आणि टेबलावर नोटा मांडल्या, मग नाणी, एकेक करून.

"पेन्शन माझ्या नावावर येणार आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यात तुमची अर्धी बाजू चालेल. कायद्यानंच आहे ती, उपकार नाही. माझी बाजू मात्र माझीच पाहिजे. नाहीतर म्हातारपणी मला रोज वाटेल, ह्यातलं थोडं कुणाच्या तरी मेहेरबानीचं आहे."

चंद्रशेखररावांनी हात पुढे केला, मागे घेतला, आणि मग ते पैसे उचलले. मोजूनही घेतले. न मोजता घेतले असते तर त्यांना वाईट वाटलं असतं, एवढं त्यांना आता कळत होतं.

तेव्हा शेवटचा हिशेब असा. मनगटाचं बिल आणि सहा आठवडे नुसतं सांगितल्याचा पगार चंद्रशेखररावांनी भरला. दुखणं शोभनाताईंनी भरलं, ते कुठल्याच फॉर्मवर लिहायला जागा नव्हती. सल्ल्याबद्दल सुमंतने आपल्या घरचा कर वेगळा भरला. आणि त्या पहिल्या सहा आठवड्यांचा कर, ज्याच्याशिवाय कागद खोटा राहिला असता : एक्याण्णव डॉलर ऐंशी सेंट मालकाने, एक्याण्णव डॉलर ऐंशी सेंट कामगाराने.